मिरीचा एक दाणा

‘आम्ही घर घेतले’ असे आपण किती सहज म्हणून जातो! पण घर घेतले म्हणजे नेमके काय घेतले, हे पंचवीस वर्षे शब्दांचे अर्थ शिकवून पोट भरणाऱ्या मला कळले ते लंडनमध्ये, माझ्या धाकट्या मावशीच्या स्वयंपाकघरात.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. काकांना जाऊन वर्ष होत आले होते. सत्तरीची मावशी हॅरोच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात एकटी, आणि मुलगी दूर लीड्सला. हा फ्लॅट विकायचा आणि लेकीच्या शेजारी लहानसे घर घ्यायचे, असा बेत ठरला होता. गिऱ्हाईक आले, भाव जमला, आणि पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक दिलगिरी व्यक्त करून निघून गेले. त्याच्या बँकेने कर्ज नाकारले होते. कारण एवढेच, की पट्ट्याची एकसष्टच वर्षे उरली होती!

“अरे, ह्यांनी नि मी जन्मभर हप्ते फेडले, आणि आता म्हणतात, घर तुमचे नव्हेच!” मावशी म्हणाली, आणि काकांची कागदांची पेटी तिने माझ्यापुढे सरकवली.

वाचकहो, इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट बहुधा ‘लीसहोल्ड’ असतो. जमीन व इमारत मूळ मालकाची. आपण विकत घेतो तो ठराविक वर्षे राहण्याचा पट्टा. मावशीचा पट्टा १९८६ पासून ९९ वर्षांचा, म्हणजे २०८५ ला संपणारा. दर वर्ष सरते तशी घराची किंमत आतून झिजत जाते, उन्हात ठेवलेल्या कापराच्या वडीसारखी.

यावर तिथे उपाय आहे. १९९३ च्या कायद्याने पट्टेदाराला मालकाकडे मुदतवाढ हक्काने मागता येते. रीतसर नोटीस द्यायची, योग्य ते मोल मोजायचे, की उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर पडते आणि जमिनीचे भाडे ‘एक पेपरकॉर्न’ होते. पेपरकॉर्न म्हणजे मिरीचा दाणा! ज्या मिरीसाठी युरोपची गलबते मलबारला आली, तिचा एक दाणा त्यांच्या कायद्यात ‘काहीच नाही’ या अर्थाने बसला आहे, याची मला मोठी मौज वाटली.

मोलाचा हिशेब मात्र मौजेचा नव्हता. मालकाचे बुडणारे भाडे, मुदतीअखेर परत मिळणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत, आणि तिसरे ‘मॅरेज व्हॅल्यू’, म्हणजे चक्क विवाहमूल्य! मुदत वाढल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा मालकाचा. हा भाग लागतो तो मुदत ८० वर्षांखाली गेली तरच. काकांनी फ्लॅट २००१ साली घेतला तेव्हा ८४ वर्षे शिल्लक होती. २००५ पर्यंत हालचाल केली असती, तर हा हुंडा वाचला असता. पण कुणी सांगितले नाही, आणि काकांनी विचारले नाही.

मूल्यमापकाने आकडा काढला : अडतीस हजार पौंड. वर दोन्ही बाजूंच्या वकिलांची बिले. कारण मालकाचा वाजवी खर्चही पट्टेदारानेच सोसायचा.

आणि त्याच आठवड्यात, २४ मे रोजी, नवा कायदा संमत झाला! मुदतवाढ ९० ऐवजी ९९० वर्षांची, आणि विवाहमूल्य रद्द. मी हर्षाने म्हटले, “मावशी, थांब. हजारो पौंड वाचतील.” पण वकिलीणबाईंनी थंडपणे सांगितले की ती कलमे अजून अंमलात आलेली नाहीत, केव्हा येतील ते सांगता येत नाही, आणि तोवर पट्टा झिजतच राहील.

मावशी रात्रभर जागी होती. सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, “कायद्याची वाट पाहायला हरकत नाही रे. पण माझ्या पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, ते कोण सांगणार?”

नोटीस गेली. दोन महिन्यांनी मालकाचे उत्तर आले : बावन्न हजार! न्यायाधिकरणात जाण्याची तयारी दाखवल्यावर एक्केचाळिसावर तडजोड झाली. काकांच्या ठेवी मोडल्या. २०२५ च्या वसंतात फ्लॅट विकला गेला. आता मावशी लेकीपासून दोन गल्ल्यांवर राहते. आणि तो पट्टा २१७५ पर्यंत कुणा परक्याच्या नावावर सुखाने नांदतो आहे.

आपल्याकडे हे नाही, असे समजू नका. खुद्द मुंबई बेट १६६८ साली राजाने कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्याने दिले होते! आजही मुंबईतल्या कितीतरी सोसायट्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. नवी मुंबईत सिडकोची जमीन तर पट्ट्यानेच मिळते. परत येताच मी आमच्या सोसायटीच्या चिटणिसांकडे कागद मागितले. ते म्हणाले, “प्राध्यापक, तीस वर्षांत हे कुणी मागितले नव्हते.” पाहतो तो आमचीही जमीन पट्ट्याचीच! वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आता तो विषय आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर घराचे कागदही पाटावर ठेवा. मात्र हळदकुंकू वाहण्याआधी ते एकदा वाचा.