इंजिनातील तेल कोठे जाते?

शहागंज ही छत्रपती संभाजीनगरातील एक जुनी बाजारपेठ. हे शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते त्या काळी, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, निजामाच्या राजवटीत येथे घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्या मनोऱ्याच्या आसपास हातगाड्या, रिक्षा आणि मोटारी यांची दिवसभर वर्दळ असते. अशा गर्दीत एखादी जुनी मोटार सुरू होते, तिच्या मागून निळसर धुराचा लोट निघतो आणि मागे उभा असलेला सायकलस्वार नाकाला रुमाल लावतो. पाहणारे म्हणतात, "गाडी ऑइल खाते." ते म्हणतात ते बहुधा खरे असते. परंतु ती किती तेल खाते, ते कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट बुजविता येईल की नाही, हे नुसत्या धुराकडे पाहून कळत नाही.

एका धान्यव्यापाऱ्याने जुनी मारुती ८०० मोटार विकत घेतली, अशी कल्पना करावी. ही लहान मोटार डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत भारतात तयार होत होती. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असतात, आणि वंगणाचे तेल तीन लिटरांच्या आसपास मावते. व्यापारी आठवड्यातून तीनदा शहागंजाहून जालन्याच्या बाजारात जातो. जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटरांचा हा प्रवास. पेट्रोल तो नियमाने भरतो. तेलाकडे मात्र त्याचे लक्ष नाही. सहा आठवड्यांत गाडी सव्वादोन हजार किलोमीटर धावते, आणि एके दिवशी वळणावर समोरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो.

हा दिवा तेल कमी झाल्याची आगाऊ सूचना देतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा होय. दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही, तेलाचा दाब पडल्याचे दाखवितो. इंजिनाच्या तळाशी असलेल्या कुंडीतून एक पंप तेल ओढून घेतो व सर्व फिरत्या भागांकडे पाठवितो. कुंडीत तेल फार थोडे उरले म्हणजे वळणावर ते एका बाजूस सरते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि दाब पडतो. तेवढा वेळ धातूवर धातू घासला जातो. हे मिनिट-दोन मिनिटे चालले, तर बेअरिंगे जळतात, इंजिन जागच्या जागी आखडते, आणि मग जी दुरुस्ती करावी लागते तिचा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक होतो. म्हणून दिवा लागताच गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि तेल घातल्यावाचून पुढे जाऊ नये.

व्यापारी गाडी दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तेथील तरुण मिस्त्री धूर पाहतो आणि म्हणतो, "शेठ, इंजिन उतरवावे लागेल." शेठ खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसतात. शेजारी एक वयस्क कारागीर बसलेला असतो. अशा जाणत्या कारागिराला या भागात आदराने 'उस्ताद' म्हणतात. उस्ताद एवढेच विचारतात, "हजार किलोमीटरला किती तेल लागते, ते मोजले आहे का?"

कोणीच मोजलेले नसते.

मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व वर चढलेले तेल खाली उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून स्वच्छ पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून गाडीच्या मीटरवरील आकडा वहीत लिहून ठेवावा. दर दोनशे किलोमीटरांनी पातळी पाहावी आणि लागेल तेवढे तेल मोजून घालावे. हजार किलोमीटर झाले म्हणजे एकंदर किती तेल घातले याची बेरीज करावी. वरच्या खुणेच्या पुढे तेल भरणे मात्र हिताचे नाही. जास्तीचे तेल फिरत्या दांड्याच्या तडाख्यात सापडून फेसाळते आणि त्याचे तुषार नको त्या वाटेने बाहेर पडतात.

बेरीज शून्य येणार नाही, हे आधीच लक्षात ठेवावे. सिलिंडरमध्ये पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वेगाने खालीवर होत असतो. त्याच्या कडेला खाचा असून त्यांत सामान्यतः तीन रिंगा बसविलेल्या असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब अडवितात. खालची रिंग भिंतीवरचे तेल खरवडून कुंडीकडे परत पाठविते. वाफेच्या इंजिनांसाठी अशा स्प्रिंगसारख्या फाकणाऱ्या चिरीच्या रिंगा १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने प्रचारात आणल्या, आणि आजची इंजिनेही त्याच युक्तीवर चालतात. रिंग सगळे तेल खरवडीत नाही, आणि तिने खरवडूही नये. कारण रिंग व भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहिला नाही तर दोन्ही झिजून जातील. या थराचा काही अंश प्रत्येक वेळी ज्वाळेत जळतो. म्हणूनच काही कारखानदार आपल्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काही एक लिटरपर्यंत तेल लागणे ही कमाल मर्यादा म्हणून देतात. निरोगी इंजिनाला याच्या मानाने पुष्कळच कमी तेल लागते.

आता समजा, हजार किलोमीटरला एक लिटर तेल गेले. हे फार वाटते. पण एका वेळी किती जाते? गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली, तर हजार किलोमीटरांना हजार मिनिटे लागतील. इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होतात असे धरले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,५०० वेळा स्फोट होतो. तीन सिलिंडरांत मिळून हे ४,५०० होतात, आणि हजार मिनिटांत ४५ लाख. एका लिटरचे ४५ लाख भाग केले, तर एका भागात २० थेंबांच्या मिलिलिटरातील एका थेंबाचा सुमारे २२५ वा हिस्सा येतो. रिंगेला किंचित पोच पडली, किंवा रबराचे एखादे लहानसे सील कडक झाले, तरी एवढे तेल सहज निसटते. तेव्हा तेल खाणारे प्रत्येक इंजिन मोडकळीस आलेले असते, असे मुळीच नाही.

व्यापाऱ्याच्या वहीत ९०० मिलिलिटर हा आकडा येतो. मग उस्ताद वाटा शोधू लागतात, आणि ज्या वाटेला पैसे कमी लागतात तिच्यापासून आरंभ करतात.

पहिली वाट बाहेरची. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावरील डागांच्या जागेवरून तेल इंजिनाच्या कोणत्या अंगाने ठिबकते हे कळते. वरच्या झाकणाचे पॅकिंग, तळाच्या कुंडीचे पॅकिंग, तेल काढण्याचा बोल्ट, फिल्टरची रबरी कडी आणि फिरत्या दांड्याच्या टोकांची सीले, ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाहीच असे समजू नये. काही सीले इंजिन तापून दाब चढल्यावरच गळतात. यासाठी इंजिन धुऊन कोरडे करावे, गाडी थोडी फिरवून आणावी आणि ताजा ओलसरपणा कोठे दिसतो ते पाहावे.

दुसरी वाट श्वासाची. जळलेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या फटींतून खाली कुंडीच्या पोकळीत उतरतोच. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत असत. हवा फार दूषित होते असे दिसून आल्यावर १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत तो वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था रूढ होऊ लागली, व ती पुढे सर्वत्र पसरली. तिच्यात एक लहानशी झडप असते. झडप काजळीने तुंबली, तर आतला दाब वाढून चांगली सीलेही गळू लागतात; ती उघडीच राहिली, तर तेलाचे तुषार हवेबरोबर ओढले जाऊन जळतात. इंजिनाच्या इतर भागांच्या मानाने ही झडप स्वस्त आहे. तरीही इंजिन उतरविण्याचा सल्ला मिळतो, आणि हिच्याकडे कोणी पाहिलेले नसते!

पॅकिंग बदलून व झडप नवी बसवून पुन्हा हजार किलोमीटर मोजल्यावर आकडा ६०० वर येतो. उरलेले तेल आत जळत आहे हे आता उघड होते. पण तेथेही वाटा दोन आहेत: वरून व्हॉल्व्हच्या दांड्यांजवळून, किंवा खालून रिंगांजवळून.

त्यांतील भेद धुराच्या वेळेवरून ओळखता येतो. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबराच्या लहान टोप्या असतात. त्या कडक झाल्या म्हणजे रात्रभरात तेल थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये झिरपते, आणि सकाळी गाडी सुरू करताच निळा लोट येऊन थोड्या वेळाने नाहीसा होतो. उतारावरही याची परीक्षा होते. खुलताबादहून वेरूळकडे घाट उतरताना चालक पेट्रोलवरचा पाय काढतो. तेव्हा इंजिनात ओढ निर्माण होऊन तेल वरून आत खेचले जाते. खाली पोहोचून पुन्हा वेग देताच ते धूर होऊन बाहेर पडते. रिंगा झिजल्या असतील, तर चढावर किंवा भरल्या गाडीने जोर घेताना धूर सतत येत राहतो आणि गाडीची ताकदही घटलेली असते. धुराचा रंगही नीट पाहावा. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर इंजिन थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा.

खात्री करण्यासाठी उस्ताद तिन्ही स्पार्क प्लग काढतात. तेलकट काळा प्लग ज्या सिलिंडरचा, दोष बहुधा तेथेच. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. ज्याचा दाब कमी भरतो, त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजून दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. न वाढला, तर हवा व्हॉल्व्हच्या बाजूने निसटत आहे. या गाडीत तिन्ही दाब चांगले व सारखे भरतात, आणि धूर केवळ सकाळी येतो. तेव्हा टोप्याच बदलावयाच्या. हे काम पुष्कळ इंजिनांत हेड न उतरविताही करता येते.

रिंगांचाच दोष निघाला असता तर? तेव्हाही घाई करू नये. तेल वेळेवर न बदलल्यामुळे खालच्या रिंगेची छिद्रे काजळीने बुजतात व रिंग खाचेत चिकटून बसते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे चांगले तेल घालून ते काही काळ लवकर लवकर बदलले, तर कधीकधी ती मोकळी होते. नेहमीच होते असे नाही. रिंगा खरोखर झिजल्या असल्या, तर नव्या घालाव्या लागतात. सिलिंडरची भिंतच झिजली असेल, तर तिला यंत्रावर घासून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात. हे मोठे काम. ते परवडत नसेल, तर दर आठवड्याला तेल पाहून भरीत राहणे हा मार्ग उरतो. परंतु त्याची किंमत गाडीचा मालक एकटाच देत नाही. जळलेल्या तेलातील द्रव्ये धुराच्या नळीतील शुद्धीकरणाच्या यंत्रणेवर बसून ती निकामी करतात, आणि मग सगळा विषारी वायू मागच्या सायकलस्वाराच्या वाट्याला येतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना ही यंत्रणा १९९५ साली सक्तीची झाली, ती याच वायूंना आळा घालण्यासाठी.

गाडी विकणारे काही जण तेलात दाट औषध मिसळून धूर चार दिवस दडवितात. म्हणून जुनी गाडी पाहावयास जाताना इंजिन आधी कोणी सुरू करून ठेवू नये, असे सांगावे; झाकणावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करावी, आणि पहिल्यांदा सुरू होताना एका माणसाने मागे उभे राहावे.

टोप्या बदलल्यावर व्यापाऱ्याच्या गाडीने जालन्याच्या आठ फेऱ्या केल्या. वहीत तिसरा आकडा पडला: १५० मिलिलिटर. तेल मोजण्याची पट्टी पुसण्यासाठी शेठ आता एक फडके गाडीतच ठेवतात.