दिल्लीची देग, मराठवाड्याची चूल : छत्रपती संभाजीनगरची खानदानी खाद्यपरंपरा

उत्तर हिंदुस्थानातले दरबारी जेवण महाराष्ट्रात सर्वांत जुने आणि सर्वांत खोल रुजले आहे ते छत्रपती संभाजीनगर परिसरात. इतर शहरांत हे पदार्थ बहुतेक हॉटेलांच्या वाटेने पोचले. इथे ते फौजांबरोबर, सुभेदारांबरोबर, सुफी संतांच्या मागोमाग आले आणि त्यांच्यासोबत आलेल्या स्वयंपाक्यांच्या घराण्यांत टिकले. म्हणून या शहरातल्या नान खलियाचा, दमाच्या बिर्याणीचा किंवा दालच्याचा विचार करताना राजवाड्यांइतकेच लक्ष त्या घराण्यांकडे द्यावे लागते.

दिल्ली ते दौलताबाद

१३२७ साली सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीतले अमीर-उमराव, उलेमा, सुफी, सैनिक आणि कारागीर शेकडो कोसांचा प्रवास करून दख्खनेत आले. पुढे काही वर्षांतच राजधानी परत गेली, पण आलेल्यांपैकी बरेच लोक इथेच राहिले. खुल्दाबादला दफन झालेले बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिजझी हे दोघेही दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या परिवारातले. खानकाहीत, म्हणजे सुफींच्या मठात, आल्यागेल्याला जेवू घालण्याची रीत अशा संतांबरोबर या भागात आली.

त्या काळचे दिल्लीचे दरबारी जेवण कसे होते, याचे वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने केले आहे. जेवणाआधी सरबत, मग पातळ पोळ्या, भाजलेले मांस, बदाम-पिस्ते आणि खिमा भरून तुपात तळलेले समोसे, कोंबडी घातलेला भात, गोड पदार्थ आणि शेवटी विडा, असा तो क्रम होता. हाच प्रवासी पुढे दौलताबादलाही आला आणि तिथे वर्षातून दोनदा येणाऱ्या द्राक्षांची आणि डाळिंबांची त्याने नोंद केली. पदार्थ ठरावीक क्रमाने येणे, सरबताने सुरुवात आणि विड्याने सांगता होणे ही दरबारी जेवणाची शिस्त तेव्हाच पक्की होती.

मोगल, राजपूत आणि निजाम

मलिक अंबरने १६१० साली खडकी गाव वसवले. शहजादा असताना औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथे राहिला आणि १६५३ साली आजच्या छत्रपती संभाजीनगरला औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल फौजेबरोबर राजस्थान आणि बुंदेलखंडातले सरदार आले. त्यांच्या छावण्यांच्या खुणा वस्त्यांच्या नावांत आजही आहेत. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजा जयसिंहांचा, तर पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. प्रत्येक सरदाराच्या छावणीत त्याचा स्वतंत्र मुदपाकखाना असे. त्यामुळे उत्तरेच्या अनेक प्रांतांची चव या एका शहरात शेजारी शेजारी नांदू लागली.

चांगल्या स्वयंपाक्याची किंमत त्या काळात किती होती, हे औरंगजेबाच्या पत्रांतून दिसते. साध्या राहणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या बादशहाने आपल्या मुलाला, आजमशहाला, लिहिलेल्या एका पत्रात हिवाळ्यात त्याच्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची आठवण काढली आहे. ती बिर्याणी रांधणारा स्वयंपाकी मुलाने वडिलांना दिला नव्हता. म्हणून त्याच्या हाताखाली तयार झालेला एखादा शागीर्द मिळाला तर पाठवून दे, अशी बादशहाची मागणी आहे. आजमशहा हा बीबी का मकबऱ्यात चिरविश्रांती घेत असलेल्या दिलरास बानूंचा मुलगा. हातात सत्ता होती, कोठारात धान्य होते, तरी चव मिळवायला बादशहालाही उस्तादाचा शिष्यच शोधावा लागला. ही सारी परंपरा उस्तादाकडून शागिर्दाकडे आणि बापाकडून मुलाकडेच चालत आली.

पुढे १७२४ पासून आसफजाही काळ सुरू झाला आणि १७६३ पर्यंत औरंगाबाद हीच निजामाची राजधानी होती. आसफजाही घराण्याच्या पिवळ्या निशाणावर मधोमध एक गोल असे, तो कुलच्याचा. पहिल्या निजामाने एका सुफी संताच्या घरी सात कुलचे खाल्ले आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळवला, अशी आख्यायिका आहे. निजामांच्या पिढ्या सातच झाल्या. याच काळात, १७४४ च्या सुमारास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की उभी राहिली. डोंगरातून नहरीने आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिचे जाते फिरे आणि फकीर, विद्यार्थी, यात्रेकरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. शेकडो माणसांना रोज ताजी रोटी घालायची तर पिठाची सोय हवी, ती इथे अशी केली होती.

स्वयंपाकघरातली कामाची वाटणी

दरबारी स्वयंपाकघरात एकच माणूस सगळे करत नसे. लखनौच्या संस्कृतीवर लिहिणाऱ्या अब्दुल हलीम शरर यांनी ही वाटणी नोंदवली आहे. मोठ्या देगांतून पुष्कळांचे जेवण रांधणारा तो बावर्ची, थोडे पण नजाकतीचे पदार्थ करणारा तो रकाबदार आणि रोटी, शीरमाल, कुलचे भाजणारा तो नानबाई. प्रत्येकाची विद्या वेगळी आणि ती बहुतेक घराण्यातच राही.

या स्वयंपाकाच्या चार क्रिया समजल्या की हॉटेलातले बरेच उत्तर भारतीय पदार्थ ओळखता येतात. पहिली भुनाई. कांदा, आले-लसूण, दही आणि मसाला मंद आचेवर परतत राहायचे, थोडे थोडे पाणी शिंपडायचे आणि तेल कडेला सुटेपर्यंत थांबायचे. घाई केली तर मसाल्याचा कच्चटपणा जात नाही. दुसरी दम. भांड्याच्या तोंडाला कणीक लिंपून झाकण बंद करायचे आणि खालीवर निखारे ठेवून आतल्या वाफेवर पदार्थ शिजवायचा. तिसरी धुंगार. पदार्थाच्या मधोमध वाटी ठेवून तिच्यात पेटता कोळसा घालायचा, वर तूप सोडायचे आणि झाकण लावून धूर आत कोंडायचा. चौथी बघार, म्हणजे शेवटी ओतायची फोडणी. याशिवाय पोटलीचा मसाला असतो. खस, गुलाबपाकळ्या, दगडफूल, वेलदोडे असे जिन्नस मलमलीच्या कापडात बांधून रश्श्यात सोडतात आणि नंतर पोटली पिळून काढून टाकतात. दगडफूल मराठी घरांना गोड्या मसाल्यामुळे चांगलेच परिचयाचे आहे.

नान खलिया

छत्रपती संभाजीनगरची स्वतःची ओळख म्हणावा असा पदार्थ म्हणजे नान खलिया. तुघलकाच्या फौजेसाठी तो तयार झाला, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फौजेला तो सोयीचा होता हे खरेच. एका तंदुरातून शेकडो नान निघतात, एका देगेत शेकडोंचा रस्सा होतो आणि जेवायला ताटवाट्यांचा पसारा लागत नाही.

नानसाठी पीठ मळून खमीर आणले जाते. मोठा तंदूर लाकडांनी तापवतात आणि आतली भिंत पांढुरकी दिसेपर्यंत वाट पाहतात. नानबाई गोळा थापून पसरतो, वरून हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवतो, नान गादीवर घेतो आणि कमरेत वाकून थेट भिंतीला चिकटवतो. गुळामुळे नानला तांबूस चमक येते, हळदीमुळे पिवळा रंग. तयार नान लोखंडी सळयांनी ओढून काढतात. तो वरून खरपूस, आतून मऊ आणि चांगला जाड असतो. थंड झाला तरी रश्श्यात बुडवला की पुन्हा मऊ होतो, म्हणूनच तो प्रवासाला आणि मोठ्या पंगतीला चालतो.

खलिया म्हणजे हळद, मिरची, धने, आले-लसूण आणि गरम मसाल्यात शिजवलेल्या मांसाचा पातळ रस्सा. तो देगेत तासन्‌तास मंद आचेवर राहतो आणि वर लाल तर्री येते. वाढणारा गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे तर्री कमी-जास्त घालतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. आता खलिया म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या मटणाचा होतो.

खलियाचे नाव अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही येते. तिथे मांस, तूप, कांदा, मिरे, लवंग, वेलदोडे आणि मीठ एवढेच जिन्नस आहेत आणि रस्सा दाट सांगितला आहे. लाल मिरची तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणली, म्हणजे तुघलकाच्या काळातल्या कोणत्याही रश्श्यात ती असणे शक्य नाही. नाव दिल्लीचे राहिले, पण हळदीमिरचीने आजचा पिवळा-लाल, पातळ, झणझणीत खलिया दख्खनच्या मातीत घडवला.

घराघरांतले दस्तरखान

हाच बदल इतर पदार्थांतही झाला. उत्तरेतल्या दाट, बदामी, केशरी रश्श्यांना इथे चिंच, तीळ, शेंगदाणे, खोबरे आणि खसखस मिळाली. तूरडाळ, दुधी आणि मटण चिंचेच्या आंबटपणात एकत्र आणणारा दालचा मराठवाड्यातल्या लग्नघरी हमखास असतो. बघारे बैंगन, तहरी, हरभऱ्याच्या डाळीची कबुली, डबल का मीठा, खुबानी का मीठा हे हैदराबादशी असलेले नाते सांगतात. ते नाते १९४८ पर्यंत राजकीयही होते, कारण तोवर मराठवाडा निजामाच्या राज्यात होता.

जुन्या घरांत दावत जमिनीवर पांढरी चादर, म्हणजे दस्तरखान, अंथरून होते. सगळे एकत्र बसतात, मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय धाकटे हात लावत नाहीत, पाहुण्याचे ताट रिकामे दिसू द्यायचे नाही असा दंडक असतो. लग्नाच्या जेवणाचे काम घराण्याच्या ओळखीच्या बावर्चीकडे जाते. तो किराण्याची यादी देतो, देगा आणि माणसे आणतो. त्याचे माप देगेवर चालते. एका देगेला तांदूळ किती, मांस किती, मीठ किती हे तो तोंडपाठ सांगतो. घरातल्या बाईचे माप मुठीचे आणि अंदाजाचे असते. मसाल्याचा रंग, तेल सुटण्याचा आवाज, दमाच्या वाफेचा वास यावरून ती पुढचे पाऊल ठरवते. सासू सुनेला आणि आई मुलीला हे शेजारी उभे करून शिकवते.

हॉटेलातला उत्तर भारत

अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली जागतिक वारसा यादीत आले. पर्यटकांसाठी शहरात मोठी हॉटेले झाली आणि त्यांच्या मेनूत ‘नॉर्थ इंडियन’ पान ठळक झाले. हे पान मात्र मुख्यतः दुसऱ्या प्रवाहाचे आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी १९४७ साली दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ सुरू केले आणि तंदुरी चिकन, बटर चिकन, दाल मखनी देशभर पोचली. टोमॅटो, लोणी आणि साय यांवर उभा असलेला हा पंजाबी प्रवाह चवदार आहे, पण दही, कांदा, सुकामेवा आणि दम यांवर उभ्या असलेल्या मोगलाई-अवधी प्रवाहापेक्षा तो वेगळा आहे.

या मोगलाई-अवधी प्रवाहाला पंचतारांकित मान मिळवून दिला तो लखनौच्या स्वयंपाकी घराण्यातल्या इम्तियाज कुरेशी यांनी. दिल्लीच्या ‘दम पुख्त’ या रेस्टॉरंटमधून त्यांनी घराण्याची विद्या श्रीमंती थाटात मांडली आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खानदानी पाककृती जपणाऱ्या घराला सन्मान आणि चांगला मोबदला दोन्ही मिळू शकतात, हे त्यांच्या उदाहरणाने दाखवून दिले.

छत्रपती संभाजीनगरात अशी संधी आहे. नानबाई अजून तंदुराशी उभे आहेत, बावर्ची अजून देगा चढवतात, घरोघरी आज्या अजून मसाला भाजतात. पण मुलांनी दुसरा व्यवसाय धरला की तोंडपाठ मापे एका पिढीत जातात. शहरातल्या हॉटेलांनी या घराण्यांतल्या जाणत्यांना त्यांच्या नावानिशी मेनूवर स्थान द्यावे, हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून मापे आणि क्रिया लिहून घ्याव्यात आणि घराघरांतल्या लेकीसुनांनी आजीची एक तरी पाककृती वजनमापासह वहीत उतरवावी. हे काम ती जाणती माणसे हयात आहेत तोवरच होणारे आहे.