लयीचा पालट आणि स्वराची स्थिरता

ध्वनिमुद्रित गीताची लय बदलणे ही क्रिया वरवर पाहता साधी वाटते. गायकास लय थोडी चढवावयास सांगितली, तर तो तेच गीत त्याच पट्टीत जलद गातो. त्यात त्याला काही विशेष प्रयास पडत नाहीत. मुद्रित ध्वनीची गोष्ट निराळी आहे. तेथे लय आणि स्वर या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एकाच लहरीचे दोन परिणाम असतात. ती लहर ज्या वेगाने वाचावी, त्या वेगाने मात्राही येतात आणि कंपनेही येतात. एक वाढविली की दुसरी वाढलीच.

दर मिनिटास ९६ मात्रांच्या लयीत मुद्रित झालेले चार मिनिटांचे एक गीत घेऊ. रीमिक्ससाठी त्याखाली १२० मात्रांचा नवा ठेका बसवावयाचा आहे. लहरीचा वेग सव्वापट केला की गीत ३ मिनिटे १२ सेकंदांत संपेल. पण प्रत्येक कंपनसंख्याही सव्वापट होईल आणि स्वर सुमारे चार अर्धस्वरांनी चढेल. काळी एकमध्ये गायिलेले गीत जवळजवळ पांढरी चारमध्ये ऐकू येईल. नव्या वाद्यांची पट्टी त्याप्रमाणे बदलता येईल हे खरे, परंतु तेवढ्याने भागत नाही. गायकाच्या मुखविवराची व कंठनलिकेची अनुस्पंदने, ज्यांच्या योगे स्वरवर्ण ओळखू येतात आणि आवाजाचे वयही कळते, तीही त्याच प्रमाणात वर सरकतात. प्रौढ आवाज बालकाचा वाटू लागतो. १९५८ साली अमेरिकेत रॉस बॅगडासारियन याने ‘चिपमंक’ गीतात हाच परिणाम विनोदासाठी मुद्दाम साधला होता. उलट, १९९० नंतरच्या दशकात ह्यूस्टन शहरात डीजे स्क्रू याने तबकड्या मंदावून आवाज जड व खोल केला आणि त्यातून एक स्वतंत्र शैलीच निर्माण झाली. म्हणजे हा दोष सर्वत्र दोषच मानला जातो असे नाही. तबकड्या वाजविणाऱ्यांच्या परिचयाच्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या यंत्रावर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करता येतो. तेवढ्या पालटाने स्वर एका अर्धस्वराहून थोडा अधिक सरकतो, आणि नृत्यगृहातील श्रोत्यांना तो सहसा खटकत नाही. पंचवीस टक्क्यांचा पालट मात्र कोणाच्याही कानातून सुटणार नाही.

तेव्हा स्वर जागच्या जागी ठेवून केवळ काल आकुंचित करावयाचा, तर काय करावे? याचे एक उत्तर फार जुने आहे. ध्वनीचे बारीक तुकडे करावेत, काही गाळावेत आणि उरलेले एकमेकांस जोडावेत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात फेअरबँक्स, एव्हरिट आणि येगर यांनी ध्वनिफितीसमोर फिरणाऱ्या वाचकशीर्षांच्या साहाय्याने हीच गोष्ट यंत्राने करून दाखविली. आमच्या उदाहरणात दर पाच भागांतील एक भाग गाळावा लागेल. लय उतरवावयाची असेल, तर काही भाग पुन्हा वाजवावे लागतील. अडचण सांध्यांची असते. एका तुकड्याची लहर वर जात असता दुसऱ्याची खाली येत असेल, तर सांध्यावर खरखर उमटते. १९८५ साली रूकोस व विल्गस यांनी, आणि १९९३ साली फेरहेल्स्ट व रुलांड्स यांनी सुचविलेल्या पद्धतींत संगणक प्रत्येक सांध्याची जागा थोडी मागेपुढे सरकवून जेथे दोन लहरी सर्वाधिक जुळतात ते स्थान शोधतो. एकट्या गायकाच्या बाबतीत हे उत्तम साधते, कारण त्याच्या लहरीला एकच आवर्तनकाल असतो. गायक, सारंगी व बेस गिटार एकत्र असतील, तर तिघांनाही सोयीचा सांधा बहुधा सापडत नाही. शिवाय लय उतरविताना पुन्हा वाजविलेल्या भागात तबल्याचा आघात आला, तर तो दोनदा ऐकू येतो.

दुसरे उत्तर विश्लेषणाचे आहे. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन व गोल्डन यांनी वर्णिलेल्या फेज व्होकोडरमध्ये ध्वनी एका सरकत्या ‘खिडकी’तून पाहिला जातो. प्रत्येक खिडकीतील ध्वनी त्याच्या घटक कंपनांत विभागतात. लागोपाठच्या दोन खिडक्यांमध्ये प्रत्येक घटकाची कला किती पुढे गेली यावरून त्याची नेमकी कंपनसंख्या काढतात, आणि मग त्याच खिडक्या निराळ्या अंतरावर मांडून ध्वनी पुन्हा रचतात. त्यामुळे दीर्घ स्वर अखंड राहतात. परंतु प्रत्येक घटकाचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवल्यामुळे एकाच क्षणी त्या सर्वांचे परस्परांशी असलेले नाते ढळते. आघात म्हणजे तर असंख्य घटकांनी एका क्षणी एकत्र येणे. ते नाते सुटले की आघात पसरट होतो आणि गायक जणू दूरच्या दालनात उभा राहून गात आहे असे वाटते. १९९९ साली लारोश व डॉल्सन यांनी प्रत्येक प्रबळ घटकाशेजारचे घटक त्याच्या कलेशी बांधून ठेवण्याची युक्ती सांगितली. तिने दोष पुष्कळ कमी झाला. नाहीसा झाला नाही.

तो नाहीसा का होत नाही, याचे कारण सॉफ्टवेअरच्या कौशल्यात नसून ध्वनीच्या स्वरूपात आहे. १९४६ साली डेनिस गॅबर यांनी दाखविल्याप्रमाणे काल आणि कंपनसंख्या या दोहोंचे सूक्ष्म ज्ञान एकाच वेळी मिळत नाही. बेस गिटारवरील काळी एकचा षड्ज सेकंदास सुमारे ६९ कंपनांचा, तर त्याच्या शेजारचा कोमल ऋषभ सुमारे ७३ कंपनांचा असतो. चार कंपनांचे हे अंतर ओळखावयास सुमारे पाव सेकंदाची खिडकी लागते. पण ९६ मात्रांच्या लयीत चौगुणीतील एका बोलाच्या वाट्यास अवघे ०.१६ सेकंद येतात. म्हणजे बेसचे दोन स्वर वेगळे दिसावेत एवढी खिडकी मोठी केली, की तीत तबल्याचे एक-दोन बोल सापडणारच, आणि त्या खिडकीपुरता त्यांचा क्षण अनिश्चित होणार. खिडकी लहान केली, तर बोल स्पष्ट राहतात आणि खर्ज थरथरू लागतो. एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीट्स’, ‘टोन्स’, ‘टेक्श्चर’, ‘कॉम्प्लेक्स’ असे जे पर्याय दिलेले असतात, ते उत्तम-मध्यम अशा प्रतवारीचे नव्हेत. कोणता तोटा पत्करावयाचा, हाच प्रश्न त्यांतून वापरणाऱ्यास विचारलेला असतो.

यावर आजवरचा सर्वांत समंजस उपाय म्हणजे भांडण लावून देणाऱ्या पक्षांना आधी वेगळे करणे. ड्रीडगर, म्यूलर व एवर्ट यांनी २०१४ साली मांडलेल्या पद्धतीत ध्वनीचे स्वरमय व आघातमय असे दोन अंश पाडतात. पहिल्यावर मोठ्या खिडकीचा फेज व्होकोडर, दुसऱ्यावर अगदी लहान तुकड्यांची जोडणी वापरतात आणि शेवटी दोन्ही मिसळतात. मूळ मुद्रणाचे वेगवेगळे पट्टे हाती असतील तर याची गरजच उरत नाही. रीमिक्स करणारे त्यांच्या शोधात असतात ते याचसाठी. ते नसतील, तर डीझर कंपनीने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या स्प्लीटरसारख्या साधनांनी गायन, ढोलवाद्ये व बेस बऱ्याच अंशी विलग करता येतात.

तथापि गणित निर्दोष साधले तरी एक प्रश्न उरतो, आणि संगीताच्या अभ्यासकास तोच अधिक महत्त्वाचा वाटावा. यंत्र सर्व गोष्टी सारख्याच प्रमाणात आखडते; गायक तसे करीत नाही. सेकंदास सहा हेलकावे घेणारा आवाजाचा कंप सव्वापट वेगात साडेसात हेलकाव्यांचा होतो व भयभीत भासतो. दोन सेकंदांचा दालनातील निनाद १.६ सेकंदांत संपतो. गायक लय चढविताना मुख्यतः लांबविलेले स्वर तोडतो. व्यंजने त्या मानाने थोडीच आखडतात. जाझमधील ढोलवादकांवरील फ्रीबर्ग व सुंडस्ट्रॉम यांच्या २००२ सालच्या अभ्यासात दीर्घ व ऱ्हस्व ठोक्यांचे प्रमाण लयीबरोबर बदलत जाते असे आढळले : मंद लयीत दीर्घ ठोका ऱ्हस्वाच्या तिप्पटीहूनही मोठा, तर अतिजलद लयीत दोन्ही जवळजवळ समान. मंद लयीतील असा ठेका यंत्राने जलद केला, तर मंद लयीचे प्रमाण जलद लयीत तसेच राहते, आणि तो ठेका कोणत्याही जिवंत वादकाचा वाटत नाही.

जुन्या मुद्रणांत आणखी एक गोष्ट आढळते. वादक एकत्र बसून वाजवीत असल्यामुळे लय अंतऱ्यात किंचित चढते, समेवर येताना किंचित रेंगाळते. अशा गीताला एकच गुणक लावला तर ते नव्या ठेक्यापासून काही आवर्तनांतच सुटते. म्हणून प्रत्येक मात्रेवर खूण करून प्रत्येक मात्रेस स्वतंत्र गुणक लावतात. गीत ठेक्यात बसते खरे, परंतु मूळ वादकांची ती चढउतार पार पुसली जाते. काही जाणते रीमिक्सकार म्हणूनच केवळ समेवर खूण करतात आणि आवर्तनाच्या आतील मात्रांना हात लावीत नाहीत.