कोळसा औषध ओळखत नाही

पोटात गॅस धरला की मेडिकलमधून काळी गोळी आणायची, ही सवय अनेक घरांत आहे. थोडी पाचक विकरे आणि जोडीला सक्रिय कोळसा, असा तिचा ऐवज. ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ असे डॉक्टरांनी विचारले की बीपीची, थायरॉइडची, साखरेची गोळी सांगितली जाते. काळ्या गोळीचे नाव कुणी काढत नाही. ती औषध आहे असे कुणाला वाटतच नाही. माझ्या मते मात्र ती सांगायलाच हवी, कारण बाकीच्या गोळ्यांच्या कामात ती आडवी येऊ शकते.

सक्रिय कोळसा चुलीतल्या कोळशापेक्षा फार वेगळा. नारळाच्या करवंट्या किंवा लाकूड हवेशिवाय तापवून आधी साधा कोळसा करतात, मग सुमारे 800 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानाला त्यातून वाफ खेळवतात. वाफ त्याला आतून कोरत जाते. ही बारीक रंध्रे इतकी असतात, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. या पृष्ठभागावर कार्बनी रेणू येऊन चिकटतात. चिकटलेला रेणू आतड्यातून रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतो.

विषबाधेत हाच गुण कामी येतो. तुएरी नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्याने 1831 मध्ये फ्रान्सच्या वैद्यक अकादमीपुढे स्ट्रिक्नीन, म्हणजे काजऱ्याच्या बियांतले जहर, प्राणघातक मात्रेत कोळशासोबत घेतले आणि तो सुखरूप राहिला, अशी नोंद आहे. आजही रुग्ण वेळेत, शक्यतो तासाभरात, पोहोचला तर प्रौढाला साधारण 50 ग्रॅम कोळसा पाण्यात कालवून देतात. हे काम इस्पितळातलेच. गुंगीतल्या माणसाच्या फुफ्फुसात कोळसा गेला तर जिवावर बेतते.

डॉक्टरांचा ढोबळ आडाखा असा, की विषाच्या दहापट कोळसा हवा. आता हाच हिशेब काळ्या गोळीला लावून पाहू. समजा तिच्यात 75 मिलिग्रॅम कोळसा आहे. तो सात-साडेसात मिलिग्रॅम औषध धरून ठेवेल. 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलला याने फारसा फरक पडणार नाही. पण थायरॉइडची नेहमीची गोळी 100 मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. हृदयविकारातली डिगॉक्सिन पाव मिलिग्रॅमची. गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन तर बहुधा 30 मायक्रोग्रॅमच. अशी इवलीशी मात्रा त्या कोळशात सहज अडकू शकते. पोटातले अन्नही कोळशावरची जागा अडवते, त्यामुळे प्रत्यक्षात परिणाम कमी होईल; पण थायरॉइडची गोळी आपण घेतो ती नेमकी अनशापोटी.

पूरक गोळ्यांचे गणित आणखी वेगळे. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाला कोळसा जवळजवळ धरतच नाही. म्हणूनच मुलाने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर कोळसा देऊन उपयोग नसतो. फॉलिक ॲसिड मात्र त्याला चांगले चिकटते. गरोदरपणात पोट फुगते म्हणून त्याच वेळी काळी गोळी घेतली, तर लोह पोहोचेल आणि बाळाच्या वाढीला लागणारे फॉलिक ॲसिड वाटेतच राहू शकेल.

‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या सरबतांत कोळसा जास्त असतो, म्हणून तिथे धोकाही जास्त. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने 2018 मध्ये खाद्यपदार्थांत तो वापरण्यावर बडगा उगारला.

यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे दोन गोळ्यांत अंतर ठेवा: बहुतेक औषधांसाठी किमान दोन तास, थायरॉइडसाठी चार. तो योग्यच आहे, पण सगळीकडे पुरत नाही. काही औषधे रक्तात गेल्यावरही पित्तातून किंवा आतड्याच्या भिंतीतून पुन्हा आतड्यात उतरतात. तिथे कोळसा असेल तर ती अडकतात. 1982 मध्ये एका अभ्यासात निरोगी माणसांना फिटवरचे फिनोबार्बिटल थेट शिरेतून दिले गेले. एरवी ते रक्तातून निम्मे व्हायला सरासरी 110 तास लागले. तोंडाने वारंवार कोळसा दिल्यावर 45. पोटात न गेलेले औषधही त्याने ओढून काढले होते.

संधिवातावरच्या लेफ्लुनोमाइडच्या बाबतीत तर डॉक्टर याचा मुद्दाम उपयोग करतात. हे औषध शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते आणि गर्भाला घातक असते. ते लवकर काढून टाकायचे असेल तर काही दिवस कोळसा देण्याची पद्धत आहे. त्यात कोळशाच्या मात्रा मोठ्या असतात, एखाददुसऱ्या गोळीने तेवढे होत नाही. पण लेफ्लुनोमाइड किंवा फिनोबार्बिटल चालू असताना कोळसा रोजच पोटात जात असेल, तर सकाळ-संध्याकाळचे अंतर ठेवून भागत नाही.