ओळखीचा बिल्ला व त्याची मुदत

सन २०२५ पासून सबंध महाराष्ट्रांत, अर्थात् आपल्या सोलापुरांतहि, अकरावीचे प्रवेश ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. असे अर्ज भरतां भरतां मध्येंच ‘सेशन संपलें’ अशी सूचना यावी व पुन्हां लॉगिन करावें लागावें, हा अनुभव पुष्कळांस असेल. हें कां घडतें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ब्राउझर व वेबसाइट यांचें संभाषण ज्या नियमांनीं चालतें, त्यांस एचटीटीपी म्हणतात. त्यांप्रमाणें प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. मागील विनंती कोणाची होती, याची आठवण सर्व्हरला राहात नाहीं. ही अडचण दूर व्हावी म्हणून १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं ‘कुकी’ची योजना काढली.

सायकल स्टँडवर सायकल ठेविली असतां रखवालदार आपणांस बिल्ला देतो. बिल्ल्यावर केवळ आंकडा असतो; सायकल स्टँडवरच असते. तद्वत् लॉगिन होतांच सर्व्हर कोणासहि तर्कानें न ओळखतां येणारा लांबलचक क्रमांक कुकीच्या रूपानें ब्राउझरकडे देतो. आपलें नांव, अर्जाचा टप्पा इत्यादि माहिती बहुधा सर्व्हरपाशींच फाइलींत, डेटाबेसांत किंवा रेडिससारख्या जलद स्मृतिकोशांत असते.

ही नोंद सर्वकाळ ठेवीत नाहींत. कांहीं वेळ हालचाल न दिसल्यास तिची मुदत संपते. पीएचपी या प्रचलित संगणकभाषेंत मूळची मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटें, आहे; संचालकास ती कमीअधिक करतां येते. मुदत टळलेल्या फाइली मधून मधून होणाऱ्या झाडलोटींत काढल्या जातात. रेडिसमध्यें तर प्रत्येक नोंदीस निराळी मुदत लावतां येते.

मुदतीनें जागा वांचते हें खरें. परंतु मुख्य हेतु निराळा. बिल्ला ज्याच्या हातीं, सायकल त्याची! नेट कॅफेंत लॉगआउट न करतां विद्यार्थी उठला, तर मागून बसणारा त्याचा महाविद्यालयांचा पसंतिक्रमहि बदलूं शकेल. ब्राउझर नुसता बंद केल्यानें सर्व्हरवरील नोंद पुसली जात नाहीं. योग्य रीतीनें रचलेल्या वेबसाइटवर लॉगआउट केल्यानें ती तत्काळ रद्द होते.

म्हणून विद्यार्थ्यांस व पालकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, कागदपत्रें आधींच जुळवून घ्यावीं, प्रत्येक टप्पा जतन करीत जावें आणि उठण्यापूर्वीं लॉगआउट करण्यास विसरूं नये.