मानसशास्त्रज्ञांवरील तक्रारींची चौकशी : 1986 ते 2025

विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी बाहेर फोडणे, उपचार घेणाऱ्या व्यक्तीशी लैंगिक संबंध ठेवणे, पात्रता नसताना चाचण्या किंवा उपचार करणे हे मानसशास्त्रज्ञाचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असल्याने त्याच्याविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. मानसशास्त्रज्ञ त्या परिषदेच्या कक्षेत येत नाही. त्याच्या चौकशीची व्यवस्था गेल्या चार दशकांत तुकड्यातुकड्याने उभी राहिली.

तिची सुरुवात अपंग पुनर्वसनाच्या क्षेत्रात झाली. 1986 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेला 1992 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला आणि तो कायदा 1993 मध्ये लागू झाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी या परिषदेकडे असते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास, संबंधिताचे म्हणणे ऐकून घेऊन, परिषद त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र शाळेतील समुपदेशक, कलचाचणी घेणारे आणि खासगी समुपदेशन केंद्रे चालवणारे बहुतेक जण या नोंदवहीबाहेर राहिले. व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहिता होत्या, पण संघटनेतून काढलेल्या सदस्याचा व्यवसाय त्यामुळे थांबत नसे.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यामुळे सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई मागता येऊ लागली. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार मात्र ग्राहक मंचांना नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या केली, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि सेवेतील त्रुटींबद्दल आस्थापनेच्या प्रमुखाकडे, पुनर्विलोकन मंडळाकडे व राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करण्याची सोय केली.

उरलेल्या मानसशास्त्रज्ञांचा विचार 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात झाला. त्याच्या परिशिष्टात पुनर्वास परिषदेखालील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश आहे. नोंदणी व नीतिमत्ता यांसाठी राज्य परिषदेत स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. कक्षांच्या या विभागणीचे परिणाम 2022 मध्ये दिसले. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना गैरवर्तन ठरवले, पण तो आदेश डॉक्टरांपुरता होता.

जानेवारी 2025 मध्ये विद्यार्थिनींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून नागपुरात एका मानसशास्त्रज्ञाला अटक झाली. ही कारवाई पोलिसांची होती. फौजदारी खटला आणि व्यावसायिक चौकशी या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत: पहिलीतून शिक्षा होते, दुसरीतून व्यवसायाचा हक्क जातो.

माढा तालुक्यातील कुर्डुवाडीसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावातील तक्रारदाराला या वाटा निरनिराळ्या ठिकाणी नेतात. गुन्ह्याची फिर्याद स्थानिक पोलीस ठाण्यात देता येते. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येत असल्याने, उपचार पुण्यात घेतले असले तरी भरपाईचा अर्ज सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रद्द करण्याची मागणी मात्र दिल्लीच्या परिषदेकडेच करावी लागते. म्हणून तक्रारीआधी संबंधिताचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हे तपासणे ही पहिली पायरी ठरते.