गेलेल्या विमानकंपन्यांचे गणित



धुळ्याच्या किंवा जळगावच्या बसस्थानकाबाहेर उभी असलेली काळी-पिवळी तुम्ही पाहिली असेलच. तिचा चालक घड्याळाकडे पाहत नाही, तो आसने मोजतो. शेवटचा उतारू मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. आपण आत घामाघूम होऊन चडफडत बसतो. पण धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर तो चालक मोठा हिशेबी माणूस आहे. विमानाला मात्र ही चैन परवडत नाही. वेळ झाली की, आत अठरा उतारू असोत की सात, त्याला उडावेच लागते.

हे सांगण्याचे कारण असे. जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला. नियमित प्रवासी विमान यायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनचे १८ आसनांचे विमान मुंबईसाठी उडाले. ही सेवा टिकली नाही. सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटची विमाने येऊ लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनीही थांबली. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तेव्हा विचारले होते, "सर, आपल्याकडे येणाऱ्या कंपन्याच का बुडतात?" प्रश्न चांगला होता. मी त्याला तेव्हा "उतारू नसतात म्हणून" असे गुळमुळीत उत्तर दिले. ते अर्धेच उत्तर होते. उरलेल्या अर्ध्यात बरेचसे भौतिकशास्त्र आहे, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

आधी रिकाम्या आसनाचा विचार करू. केळीचा घड आज विकला गेला नाही तर उद्या कमी भावाने का होईना, जातो. विमानातले आसन हा त्याहूनही नाशवंत माल आहे. चाके जमिनीवरून उचलली गेली की रिकाम्या आसनाची किंमत कायमची शून्य होते. एसटीचे लोक ज्याला 'भारमान' म्हणतात, तेच येथे सारे ठरवते. पण धुळ्याहून निघालेल्या एसटीला पारोळा, एरंडोल येथे आणखी उतारू मिळतात. विमानाला मधला थांबा नाही.

समजा, १८ आसनांच्या एका फेरीचा एकूण खर्च ९०,००० रुपये आहे आणि सरासरी तिकीट ५,००० रुपये. (आकडे मी सोयीसाठी धरले आहेत.) सर्व आसने भरली तर खर्च जेमतेम निघतो. बारा उतारू आले तर ३०,००० रुपयांची खोट. मग फेरी रद्द का करू नये? कारण रद्द केल्याने वाचते ते मुख्यतः इंधन. विमानाचे भाडे, वैमानिकांचे पगार, देखभाल हे सारे चालूच राहते. शिवाय एकदा फेरी रद्द झाली की पुढच्या वेळी शहाणा माणूस रात्रीच्या रेल्वेचे आरक्षण करतो. जळगावकर रात्री गाडीत झोपला की सकाळी मुंबईत उतरतो. विमानाची खरी स्पर्धा या झोपेशी आहे!

आता अंतराकडे वळू. जळगाव ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. 'अंतर कमी, म्हणून खर्च कमी' असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. सत्तर आसनांच्या एटीआर विमानाचे उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान जास्तीत जास्त २३ टन असते. ते ५,००० मीटर उंचीवर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा तुम्ही दहावीच्या सूत्राने काढू शकता: वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. म्हणजे २३,००० × ९.८ × ५,०००, सुमारे ११३ कोटी जूल. एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ४.३ कोटी जूल ऊर्जा मिळते. या हिशेबाने २६ किलो इंधन पुरायला हवे. पण इंजिन आणि पंखा मिळून त्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात असे धरले, तर १०० किलोंच्या आसपास इंधन केवळ चढण्यात जाते. हवेचा विरोध कापण्यासाठी लागते ते निराळेच. प्रवास ३५० किलोमीटरचा असो की १,४०० चा, चढण तेवढीच. लांबच्या प्रवासात हा खर्च जास्त किलोमीटरवर वाटला जातो, जवळच्या प्रवासात तो अंगावर बसतो. (उतरताना त्यातली काही ऊर्जा परत उपयोगी पडते हे खरे, पण सगळी नव्हे.) चाके, ब्रेक, इंजिन यांची झीजही मुख्यतः चढण्या-उतरण्यात होते. दिवसाला सहा छोट्या फेऱ्या मारणारे विमान दोन लांब फेऱ्या मारणाऱ्या विमानापेक्षा लवकर थकते.

मग मोठे विमान आणावे, म्हणजे दर आसनामागे खर्च कमी होईल, असे कोणी म्हणेल. येथे आपला खानदेशी उन्हाळा आडवा येतो. पंखांवरचे वर उचलणारे बल हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो असते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि गाव समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर उंचही आहे. अशा दुपारी घनता सुमारे १.०८ पर्यंत उतरते, म्हणजे जवळजवळ १२ टक्के घट. तेवढेच बल मिळवायचे तर उड्डाणाचा वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो, आणि त्यासाठी धाव १२ टक्क्यांहून अधिक लांबते. कारण त्याच पातळ हवेमुळे इंजिनाचा जोरही घटलेला असतो. जळगावला बांधलेली धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास होती. मुंबईची मोठी धावपट्टी तिच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून आपल्या वाट्याला पंख्याची छोटी विमाने आली. आणि अशा दुपारी धावपट्टी अपुरी पडू लागली तर वैमानिकाला वजन कमी करावे लागते, म्हणजे सामान किंवा माणसे मागे ठेवावी लागतात. दारात उभा असलेला उतारूही मग आसन भरू शकत नाही.

एवढे सारे प्रतिकूल असताना कोणती विमानकंपनी कधी नफ्यात आली तरी कशी? त्यासाठी थोडे मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे लहानसे 'पस मॉथ' विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. त्यांच्याबरोबर एकही उतारू नव्हता, फक्त टपालाच्या थैल्या होत्या. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तारा पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्या वर्षी या सेवेला ६०,००० रुपये नफा झाला. त्या वर्षात उतारू होते अवघे १५५ आणि टपाल मात्र सुमारे १० टन. टपालाचा गुण असा की ते रोज येते. त्याला रात्रीची गाडी अधिक सोयीची वाटत नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याकडची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीला निघाली आणि आपल्याकडे विमानकंपन्यांचे पीक आले. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, कलिंग एअरलाइन्स, अंबिका, ज्युपिटर, हिमालयन एव्हिएशन अशी कितीतरी नावे. विमान स्वस्त मिळाले, पण इंधन स्वस्त नव्हते आणि उतारू तर मोजकेच. अंबिका आणि ज्युपिटर यांसारख्या कंपन्या थोड्याच काळात मिटल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीने १९५० साली साफ सांगितले की देशातल्या वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, चार पुरेत. शेवटी १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ सुरू झाले. त्याला मिळालेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटाच होती.

या गडबडीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून एकेक विमान टपाल घेऊन निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला जमत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या गावी परते. चार शहरांच्या जोड्या किती होतात? सहा. थेट सेवेला सहा मार्ग लागले असते. नागपुरात गाठ घातल्याने चार पुरले. आठ शहरे असती तर अठ्ठावीसऐवजी आठ! हीच युक्ती पुढे जगभरातल्या विमानकंपन्यांनी उतारूंसाठी वापरली. एका गावाचे दहा उतारू विमान भरू शकत नाहीत. पण ते मधल्या मोठ्या विमानतळावर दहा वेगवेगळ्या दिशांना जाणार असतील, तर त्यांच्याबरोबर इतर गावांचेही उतारू मिळतात. हिमालयन एव्हिएशनने ही टपालसेवा काही काळ चालवली. कंपनी १९५३ मध्ये विलीन झाली, सेवा मात्र पुढेही चालू राहिली.

पुढची यादी लांबलचक आहे, ती मी भरभर सांगतो. लहान गावांसाठी १९८१ साली निघालेली सरकारी वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. खाजगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाल्यावर आलेल्या ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त यांतली एकही तग धरू शकली नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. गो फर्स्टने दोष नादुरुस्त इंजिनांना दिला. 'डेक्कन' या नावाचे नशीब तर विलक्षणच म्हणावे लागेल: हैदराबादची डेक्कन एअरवेज १९५३ मध्ये विलीन झाली, कॅप्टन गोपीनाथ यांची २००३ साली सुरू झालेली एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विरली, आणि त्याच नावाने पुन्हा उभी राहून जळगावला आलेली कंपनी २०२० च्या करोना साथीत थांबली.

कंपनी गेली की विमाने कोठे जातात, असेही मुले विचारतात. बरीचशी विमाने कंपनीच्या मालकीची नसतातच. ती भाड्याने आणलेली असतात. मूळ मालक ती परत नेतो, रंग बदलतो आणि दुसऱ्याला देतो. वैमानिकांचे मात्र इतके सोपे नसते. थकलेले पगार मिळायला वर्षे जातात.

आणि जळगावचे काय? छोट्या गावांसाठीच्या 'उडान' योजनेत एका तासाच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास दर बांधून दिला होता, तोही निम्म्या आसनांपुरता. येणारी तूट सरकार तीन वर्षे भरणार होते. म्हणजे रोपट्याला तीन वर्षे पाणी मिळणार, पुढे त्याने आपली मुळे शोधायची. जळगावच्या दोन्ही कंपन्या त्या मुदतीआधीच गळाल्या. २०२४ साली पुन्हा विमान आले. या वेळी गोव्याच्या फ्लाय नाइन्टीवनने एटीआर विमानांनी गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडले. गोव्याला किंवा हैदराबादला एका रात्रीच्या झोपेत पोहोचवणारी रेल्वे आपल्याकडे नाही, हे लक्षात घ्या. माझ्या मते मार्गांची ही निवड आधीच्यांपेक्षा शहाणपणाची होती.

तुमच्यासाठी एक गणित सोडतो. एटीआरची आसने ७०. फेरीचा खर्च साडेतीन लाख रुपये धरा. निम्मी आसने २,५०० रुपयांना विकली आणि सर्व आसने भरली, तर उरलेल्या निम्म्यांचे तिकीट किती ठेवावे लागेल? आता तेच उदाहरण ४५ आसने भरली असे धरून सोडवा. त्यातली ३५ स्वस्त दराची आहेत. आलेला आकडा रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या भाड्याशेजारी लिहून पाहा.